दोघांसाठी शनिवार-रविवार: मुरुड-जंजिरा की चौल-रेवदंडा?

लवंगलता

मुलं जानेवारीत दोन दिवस आजीकडे राहायला तयार झाली आहेत, तीही स्वतःहून. असा योग पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मी आणि नवरा शनिवार-रविवार गाडी काढून समुद्रावर जायचं म्हणतोय. पुण्याहून निघणार.

अडचण एकच. आमच्या आवडी जुळत नाहीत. मला पडके दरवाजे, शिलालेख, जुन्या वस्त्या असं काही दिसलं की तिथेच बसकण मारावीशी वाटते. त्याला ताजे मासे हवेत आणि दुपारची झोप. किल्ला लांबून चांगला दिसतो, हे त्याचं ठाम मत आहे. दोघांचं एकमत एवढ्याच बाबतीत आहे की बनाना राईड, जेट स्की आणि मोठ्याने लावलेली गाणी नकोत.

डोक्यात मुरुड-जंजिरा आहे. मैत्रीण म्हणते त्यापेक्षा चौल-रेवदंड्याला जा. दोन्ही ठिकाणं लहानपणी सहलीत पाहिली असतील, पण आठवतं ते फक्त बसमधलं उलट्यांचं. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. खोली साधी चालेल, स्वच्छ हवी.

गडकरी_न_झालेला

यात विचारायचं काय? जंजिरा. साडेतीनशे वर्षं कोणाला मिळाला नाही तो किल्ला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकायला घेतला होता, इतकी त्याची सल होती. इंग्रज, पोर्तुगीज, मराठे सगळे येऊन गेले, सिद्दी राहिला तो थेट १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. कलाल बांगडी तोफेवर हात ठेवून समुद्राकडे बघा, मग बोला.

भटकभवानी

जंजिऱ्याबद्दल वाद नाही, पण शनिवार-रविवारच्या जंजिऱ्याबद्दल आहे. राजपुरीला होडीची रांग, मग होडी भरेपर्यंत थांबा, मग किल्ल्यावर नावाडी सांगणार अमुक वेळात परत या. तुमच्यासारखी शिलालेखापुढे बसकण मारणारी बाई अर्ध्या बुरुजापर्यंतसुद्धा पोचायची नाही. मधल्या वारी जा, शिडाच्या होडीत निवांत बसा, खोकरीच्या सिद्दी नवाबांच्या कबरी पाहा. त्याला दोन दिवस द्या आणि दुसरं काही जोडू नका.

दोन दिवसांत अलिबाग, काशीद, मुरुड, जंजिरा असं सगळं कोंबणारे लोक मला कळत नाहीत. अलिबाग ते मुरुड पन्नासेक किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा. माणसं सुट्टीला जातात की टपाल वाटायला?

नाखवा

लवंगलताताई, मी त्याच पट्ट्यातला. आधी एक सांगा, तुमच्या त्या रविवारी तिथी कोणती?

लवंगलता

तिथी? मुहूर्त काढायचाय का, काका? :) रविवारी संकष्टी आहे एवढं माहीत आहे, कारण मी धरते.

नाखवा

झालं मग काम. वद्य चतुर्थी.

समुद्राला शनिवार-रविवार कळत नाही, तिथी कळते. आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. त्याच्या सहाएक तास आधी-नंतर ओहोटी. म्हणजे रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे. तेव्हा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल. पौर्णिमेला किंवा अमावस्येला गेलात तर भरती साडेअकरा-बाराला आणि सुकती (ओहोटी) पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे किल्ला बघायची वेळ नेमकी पाण्याखाली. अष्टमीला सुकती दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी नीट मागे हटतच नाही. कंबरेएवढ्या पाण्यातून जायची वेळ येते. तृतीया-चतुर्थी उत्तम. उधाणाचा जोर अजून असतो, पाणी लांब जातं आणि वेळ सकाळची मिळते.

हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरायचा. किनाऱ्यावर टांगेवाले असतात, त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. आणि परत फिरायची वेळ जाण्याआधी ठरवायची. दर सुट्टीला कोणी ना कोणी आत अडकतं आणि पुढच्या सुकतीपर्यंत किल्ल्यातच बसून राहतं.

तेव्हा माझं मत: शनिवार चौल-रेवदंडा-कोर्लई, रविवारी सकाळी कुलाबा, दुपारी परत. जंजिऱ्याचं नाव यावेळी काढू नका.

चिमणचारा

पाऊणपटीचा हिशोब वहीत लिहून घेतला. आजोबा असंच काहीतरी बोटांवर मोजायचे, आम्हाला वाटायचं जप करतायत.

अर्धवट

संकष्टी म्हणजे रविवारी मासे नाहीत. नवऱ्याला सांगितलंत का?

लवंगलता

सांगितलं. त्याने पंचांग दोनदा तपासून पाहिलं. शनिवारीच दोन दिवसांचे खाऊन घेईन म्हणाला.

गडकरी_न_झालेला

चौलला जाऊन बघायचं काय? सुपारीच्या वाड्या? इतिहास इतिहास म्हणता आणि जंजिरा सोडता, हे काही पटत नाही.

भटकभवानी

@गडकरी, चौल हे जंजिऱ्यापेक्षा हजार-दीड हजार वर्षं जुनं बंदर आहे हो. टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव सिमुल्ला म्हणून येतं ते हेच. ग्रीक, अरब सगळे इथे उतरले. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या आसपास बोटीतून उतरला तो चौललाच, आणि हिंदुस्थानातली माणसं कशी दिसतात, काय नेसतात हे त्याने लिहून ठेवलं, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. फरक एवढाच की जंजिरा उभा आहे म्हणून दिसतो. चौल वाड्यांच्या खाली गेलं, तिथे बघायला डोळे आणि वेळ दोन्ही लागतं.

आणि लढाईच हवी असेल तर मार्च १५०८. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझची गलबतं एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा चौलच्या खाडीत मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दीवला त्याचा सूड घेतला आणि त्यानंतर अरबी समुद्रात कोणाचं चालणार हे बदललं. ही सगळी सुरुवात कुंडलिका खाडीच्या तोंडाशी.

नाखवा

त्यातली गंमत भटकभवानी सांगायच्या राहिल्या. लोरेन्सोचं जहाज खाडीतून बाहेर निघताना कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. त्यामुळे ते मागे राहिलं आणि घेरलं गेलं. मोठमोठ्या आरमारांच्या इतिहासात आमच्या लोकांचा वाटा कोणी धरत नाही, पण खुंट आमचेच. खाडीच्या तोंडाशी आजही डोल जाळ्यांचे खुंट दिसतील.

गडकरी_न_झालेला

हे मात्र माहीत नव्हतं. तरी जंजिरा तो जंजिराच.

पाणीपुरीप्रेमी

थोडं अवांतर, पण विचारते. आमचं लग्न अजून व्हायचंय (साखरपुडा झालाय). तिकडच्या घरगुती खोल्यांमध्ये अडवतात का? एका ठिकाणी दारातून परत पाठवलं होतं, तेव्हापासून धसका आहे.

भटकभवानी

दोघं सज्ञान असाल तर कायद्याने मनाई नाही. ओळखपत्र मात्र दोघांचं लागतं, एकाचं चालत नाही. घरगुती ठिकाणी घरमालकाचे नियम असतात, म्हणून पैसे भरायच्या आधी फोनवर सरळ विचारायचं. आडवळणाने विचारलंत की उत्तरही आडवळणाचंच येतं आणि रात्री आठला दारात वाद होतो. साखरपुड्याचा फोटो दाखवायची वगैरे काही गरज नाही, तो त्यांचा विषय नाही.

पाणीपुरीप्रेमी

धन्यवाद ताई. सरळ विचारते.

चिमणचारा

लवंगलता, शिलालेखांची आवड असेल तर अक्षी चुकवू नका. अलिबागहून रेवदंड्याच्या वाटेवरच आहे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा लेख, मराठीतला सर्वांत जुना मानला जातो तो हा. शिलाहार राजा केशिदेवाच्या वेळचा. दान मोडणाऱ्याला शिव्याशाप देणारी गधेगाळ त्यावर आहे, तेव्हा नवऱ्याला अर्थ सांगताना आजूबाजूला कोणी नाही ना बघा.

अर्धवट

मराठीतला सर्वांत जुना लेख आणि त्यात शिवी. आपली परंपरा मोठी आहे.

सुपारीचं_खांड

खाण्याबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो. जानेवारी म्हणजे पोपटीचे दिवस. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. घरगुती ठिकाणी उतरणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, पाला आणि शेंगा आणाव्या लागतात. ऐनवेळी मागितलीत तर जे येईल ते पोपटी नसतं, उकडलेल्या शेंगा असतात.

मासा विचाराल तर जिताडा. पापलेट-सुरमई पुण्यातही मिळते. जिताडा खारेपाटातल्या तळ्यांत वाढवतात, त्याची चव वेगळी. मिळाला तर सोडू नका, न मिळाला तर बोंबील. पण "मालवणी पद्धतीने" असं फलकावर लिहिलेल्या ठिकाणी रायगड जिल्ह्यात जेवू नये, हा माझा नियम आहे.

लवंगलता

सगळ्यांचे आभार. चौल-रेवदंडा ठरलं. नाखवाकाका, आल्यावर वृत्तांत लिहीन.

गडकरी_न_झालेला

पश्चात्ताप झाला तर तोही लिहा.

लवंगलता

आलो! कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत. लांब झालाय, चहा घेऊन बसा.

शनिवारी पहाटे निघालो. खोपोली, पेण, वडखळ. वडखळच्या पुढे गाड्यांची रांग लागते हे ऐकून होतो, पण आठच्या आत पार झालो म्हणून वाचलो. अक्षीचा दगड आधी. मी वाकून अक्षरं लावत होते, नवरा गाढवाचं चित्र बघून खूश. मग तो म्हणाला, "हजार वर्षांपूर्वी पण लोक सरकारी जमीन ढापत होते म्हणजे." याला मी इतिहासाची गोडी लागणं असंच समजते.

रेवदंड्याची गंमत अशी की किल्ला शोधावा लागत नाही, रस्ताच किल्ल्याच्या दरवाज्यातून आत जातो. वर दगडात पोर्तुगीज राजचिन्ह आणि खालून एसटी. आत गाव. म्हणजे तटाच्या आत घरं, विहिरी, नारळ-पोफळी, आणि त्यांच्या मधे मधे अचानक एखादी चर्चची भिंत, कमान, खिडकीची चौकट. एका वाडीत एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, मागे पडकं काही आहे का? त्या म्हणाल्या, "आहे की, जा बघून, फाटक लावून घ्या, गुरं शिरतात." त्यांच्या मोटारपंपाच्या मागे चांगली दोन मजली उंच दगडी भिंत उभी होती. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास इथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं इथे एक आख्खं युरोपी शहर नांदत होतं. आता त्याच्यावर सुपाऱ्या वाळत घातल्यात. मला हे फार आवडलं. तिकीट नाही, कठडे नाहीत, "येथे थुंकू नये" नाही. (तोटा पण तोच. वडाची मुळं भिंती फोडतायत आणि कोणाचं लक्ष नाही.)

सातखणी मनोरा बघितला. वरचे खण कधीच गेले, तरी अजून बराच उंच आहे, पायथ्याशी तोफा पडल्यात. मग सुकती असल्यामुळे तटाच्या बाहेरून वाळूवर चालत गेलो, डाव्या हाताला तट, उजव्या हाताला समुद्र, वर सुरूची झाडं. आमच्याशिवाय दोन कुत्री. नवरा इथे पहिल्यांदा आपणहून म्हणाला की अजून थोडं पुढे जाऊ. लग्नाआधी आम्ही असे निरुद्देश चालायचो. नंतर चालणं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली पावलं झाली, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

दुपारी जिताडा मिळाला! सुपारीचं_खांड, तुम्हाला नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. तांदळाची भाकरी, तिखलं, तळलेली तुकडी, सोलकढी. त्यानंतर वाडीतल्या खाटेवर त्याने जी झोप काढली ती पाहून घरमालकीणबाई हसून गेल्या. तोवर मी चौलचं रामेश्वर मंदिर आणि पुष्करणी एकटीने बघून आले. खरं सांगते, हा दोन तासांचा वेगळेपणा दोघांनाही मानवला. जोडीने गेलं म्हणून प्रत्येक गोष्ट जोडीनेच करायची सक्ती नसावी.

चारनंतर साळावचा पूल ओलांडून कोर्लई. दीपगृहाच्या बाजूने वर चढायला फार वेळ लागत नाही, चपला मात्र बऱ्या हव्यात. किल्ला डोंगराच्या धारेवर लांबच लांब, एकामागून एक दरवाजे, मधे चर्चचे अवशेष. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि समोर रेवदंडा. नाखवाकाका, खुंट दिसले. मी नवऱ्याला लोरेन्सोची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग त्या कोळ्यांना जाळ्यांची नुकसानभरपाई मिळाली का?" उत्तर असेल तर द्या.

कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. हजारभर माणसं असतील बोलणारी. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी टिकून आहे. आम्ही गेलो तेव्हा एक ग्रुप एका म्हाताऱ्या बाईंसमोर मोबाईल धरून "बोलून दाखवा ना" करत होता. बाई उठून आत गेल्या. मी त्यांच्या जागी असते तर पाणी ओतलं असतं.

रात्री पोपटी झाली. यावर लिहायला गेले तर वेगळा धागा लागेल.

रविवारी मी उपाशी, नवरा घावन खाऊन तृप्त. साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर. टांगेवाल्याला विचारलं तर म्हणाला पाणी हटतंय, आठला निघा, दहाच्या आत परत या. काका, तुमचा हिशोब बरोबर बसला. ओल्या वाळूतून आणि मधे घोट्याएवढ्या पाण्यातून चालत किल्ल्यात.

कुलाब्याचा तट बघताना एक गोष्ट नवऱ्याच्याच लक्षात आली. मोठमोठे दगड नुसते एकावर एक ठेवलेत, मधे चुना नाही. तिथला माणूस म्हणाला, लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो, म्हणून भिंत टिकते. मग आमचे इंजिनिअर साहेब तटाला हात लावून लावून अर्धा तास फिरले. "लांबून चांगला दिसतो" हे वाक्य मी त्याला ऐकवलं नाही. (ऐकवलं. परतीच्या वाटेवर.) शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, गेले त्याच वर्षी, हे काम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आख्खा किनारा हाकला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले तरी किल्ला मिळाला नाही. तेव्हा @गडकरी, न मिळालेले किल्ले आमच्याकडेही आहेत.

आत रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, १७५९ चं. संकष्टी असल्याने गर्दी होती, पण अलिबागचीच माणसं, हातात दुर्वा घेऊन पाण्यातून चालत आलेली. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. पावणेदहाला परत निघालो तेव्हा मधला पट्टा गुडघ्याच्या जरा खाली आला होता. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दोन-तीन कुटुंबं नुकती आत चालली होती. टांगेवाला ओरडून सांगत होता, पण कोण ऐकतंय.

कान्होजींच्या समाधीवर जाऊन आलो. आणि नवऱ्याच्या आग्रहाखातर (हो, आग्रहाखातर) चुंबकीय वेधशाळा बाहेरून बघितली. त्याची गोष्ट तोच लिहितोय, मी फक्त टंकते: मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी व्हायची. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा विजेमुळे मोजमापं बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती मोजणी अलिबागला हलवली. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण त्यात चुंबकाला खेचणारं काही नाही. लोखंडी खिळासुद्धा नको म्हणून तांब्या-पितळेचं सामान. "इतकं साधं आणि इतकं नीट काम," इति नवरा.

पांढऱ्या कांद्याच्या माळा अजून तुरळक होत्या, महिनाभराने भरपूर येतील म्हणे. एक आणली. चंद्रोदय घाटात गाठला, धाब्यावर साबुदाणा खिचडी नव्हती, वेफर्सवर उपास सोडला.

अर्धवट

वेफर्सवर सोडलेला उपास ग्राह्य धरला जातो का?

सुपारीचं_खांड

बटाट्याचे असतील तर तो उपास चालूच आहे.

गडकरी_न_झालेला

वृत्तांत छान आहे हे मान्य. १७२१ चा मुद्दाही मान्य. पण जंजिरा राहिला तो राहिलाच. पुढच्या वेळी मधल्या वारी जा, हे भटकभवानींचं म्हणणं मी आता ऐकून घेतलं आहे.

नाखवा

ताई, आनंद झाला. तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर: नुकसानभरपाई आजही वेळेवर मिळत नाही, तेव्हा कुठली मिळणार?

एक भर घालतो. नवगावला बेने इस्रायलांचं स्मारक आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथे किनाऱ्याला लागले असं ते मानतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत आणि रेवदंड्यातही त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. वस्ती आता फारशी उरली नाही. पुढच्या वेळी बघा, आत जायचं तर आधी विचारून.

चिमणचारा

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, २०२० पासून. गाडी बोटीत घालायची, तासाभरात पलीकडे. पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. वडखळची रांग वाचते. गाडी नसेल तर गेटवेवरून लहान बोटी. परतीचं तिकीट आधीच काढा, रविवारी संध्याकाळी मांडव्याला जागा मिळत नाही.

पाणीपुरीप्रेमी

आम्ही जुलैमध्ये जायचं म्हणतोय. पावसात हेच सगळं करता येईल का?

नाखवा

सगळं नाही. गेटवेच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद. रो-रो बहुतेक दिवस चालते, पण हवामान बघून फेऱ्या रद्द होतात, निघायच्या दिवशी सकाळी खात्री करा. कुलाब्यात पावसाळ्यात चालत जायचं नाही. तिथी कितीही चांगली असो, वाऱ्याने पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. कोर्लईची वाट निसरडी होते. रेवदंडा मात्र करा. गवत माजतं, तट हिरवा होतो, फक्त पडक्या भिंतींच्या खाली उभं राहायचं नाही. आणि मासा ताजा मागू नका, एक जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. सुकट मागा. सुकटीचं कालवण आणि भाकरी, पावसात तेच खरं.

पाणीपुरीप्रेमी

मग नारळी पौर्णिमेनंतरच येतो. खोलीवाल्यांना सरळ विचारलं, हो म्हणाले.